माशीला बांध कळत नाही

अक्का, मिरची अजून उभी आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतं. दादा जेवतात का, पाहुणे गेले का, तेराव्याचा स्वयंपाक पुरला का, हे सगळं नंतर. आधी, "शैला, नानाच्या बांधाकडची झाडं काय म्हंत्यात?"

झाडं बरी आहेत. सगळी नाहीत, पण बरीच.

काल तुमचं तेरावं झालं. घरात माणसं होती तोवर मी कामात होते. आज घर रिकामं झालं आणि मला कळेना, बोलायचं कुणाशी. लग्न होऊन खंडाळ्याकडून या घरात आले तेव्हापासून दिवसभर मी तुमच्याशीच बोलत आले. त्यातलं निम्मं भांडणच होतं. मोठी जाऊ आणि धाकटी जाऊ, दोघींचे नवरे पलटणीत. दादा पेन्शनीत आले ते पुण्याला एका कंपनीच्या फाटकावर नोकरीला राहिले, माझे अजून सीमेवर आहेत. घर आणि रान आपल्या दोघींच्या अंगावर. भांडायला दुसरं होतं तरी कोण?

लोक विचारतात, एवढ्या उन्हात त्या रानात गेल्याच कशाला? मी प्रत्येकाला काहीतरी उत्तर देते आणि प्रत्येक वेळी ते अर्धवट वाटतं. म्हणून आज सगळं एकदा सलग सांगते. तुम्हाला त्यातलं बरंचसं ठाऊक आहे. शेवटचं मात्र नाही.

उसात तुमचं मन कधी रमलं नाही. "ऊस म्हंजे गडीमान्सांचं पीक," तुम्ही म्हणायचा. "लागन त्येंची, तोड त्येंची, बिल त्येंच्या नावावर. आपन नुस्तं पाणी पाजायचं." उन्हाळी मिरची करूया असं मी म्हटलं तेव्हा मात्र तुम्ही कपाळाला हात लावलात. "उन्हाळ्यात मिरची? आजारी पोर सांभाळायचं काम हाय ते." मी आठवडाभर मागं लागले, तुम्ही आठवडाभर नाहीच म्हणालात. आणि मग एका संध्याकाळी रोपवाटिकेचा टेम्पो दारात उभा राहिला. पुढं तुम्ही बसलेल्या, मांडीवर रोपांचा एक ट्रे, जणू लेकीचं बाळ घेऊन आलाय. "बघत काय बसलीयास? उतरून घे की." मला पटलं, असं तुम्ही आयुष्यात कुणाला म्हटलं नाहीत. तुम्ही सरळ ते करायला लागायचा.

त्यानंतर मिरची माझी राहिलीच नाही. ओढ्याकडच्या तुकड्यात मातीचे उंच बेड पाडले, ठिबक ओढलं, रुपेरी कागद अंथरला. चारी बाजूंनी मक्याच्या दाट ओळी लावल्या, म्हणजे बाहेरून येणारी कीड तिथंच अडेल. पिवळे आणि निळे चिकट कागद काठ्यांना टांगले. पिवळ्यावर पांढरी माशी, निळ्यावर फुलकिडे. रोज सकाळी तुम्ही चष्मा लावून झाडामागून झाड पानं उलटी करून बघायचा आणि किडींना शिव्या द्यायचा. एकदा तर तुम्ही एका फुलकिड्याला "मेल्या, तुला काय आयबाप हाय का न्हाई" असं विचारलंत, आणि मी बेडवरच हसत बसले.

सगळंच तुमचं बरोबर असायचं असंही नाही. एक फवारणी वाचावी म्हणून तुम्ही दोन औषधं एकाच पंपात मिसळलीत, तीही ऊन डोक्यावर असताना. मी नको म्हणत होते. दुसऱ्या दिवशी त्या ओळींची पानं कडेनं करपली. तुम्ही ती झाडं बघितलीत, माझ्याकडं बघितलंत, आणि म्हणालात, "उन्हानं झालंय." त्यानंतर फवारणी कायम ऊन उतरल्यावरच झाली. चूक कबूल करायची ही तुमची पद्धत.

मग ऊन वाढलं. यंदा ते लवकर वाढलं आणि उतरायचं नाव घेईना. नऊ वाजले की चपलेतून पाय भाजायचा. फुलं लागायची आणि गळायची, सकाळी रुपेरी कागदावर पांढरी फुलं पडलेली दिसायची. झाडं दुपारी माना टाकायची. पाणी वाढवावं तर मर रोगाची भीती, कमी करावं तर फूल गळतं. वीज एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री, आणि दिवसाची असली तरी दाब इतका कमी की मोटर चालू व्हायची आणि थोड्या वेळानं बंद पडायची. कुणीतरी तिथं उभं राहूनच पाणी द्यायला लागायचं.

आणि त्यातच बोकड्या रोग आला. नानाच्या बांधाकडच्या ओळीत शेंड्याची पानं बारीक होऊन वर वळली, होडीसारखी. तुम्ही ते पान हातात धरून किती वेळ उभ्या होतात. बोकड्या बरा होत नाही. एवढंच आपल्या हातात असतं की आजारी झाड काढायचं आणि पुढच्या झाडाकडं जाणारी माशी थांबवायची.

माशी कुठून येते ते आपल्याला दिसत होतं. नाना आपले चुलत दीर, बांधाला बांध लागून. त्यांच्या टोमॅटोवर रोग आला होता, फळं निम्मी पिवळी, निम्मी लाल. बाजारात कुणी हात लावेना. नानांनी पाणी तोडलं आणि रान तसंच सोडून दिलं. झाडं अर्धी वाळलेली, अर्धी हिरवी, तारांवर लोंबकळत उभी. नुसता हात लावला तर पांढऱ्या माशीचा धुरळा उठायचा. नानांचं आपल्याशी बोलणं बंद होतं. त्यांच्या रानातून गेलेल्या आपल्या पाइपलाइनीवरून दादांशी वाजलं होतं, तेव्हापासून नाना आपल्या दारावरून मान फिरवून जायचे.

"मी जाती," तुम्ही म्हणालात.

"अक्का, ते बोलायचे न्हाईत."

"न्हाई बोलले तर न्हाई. मला तोंड हाय."

मी तुमच्या मागून गेले. नाना विहिरीवर मोटरीचं काहीतरी करत होते. तुम्ही पदर सारखा केलात आणि काही झालंच नव्हतं अशा आवाजात म्हणालात, "भाऊजी, तेवढं टमाटं काढून टाका. आमची मिरची चालली."

नाना वर बघेनात. "माझ्या रानात काय ठिवायचं ते मी बघीन."

"रान तुमचंच हाय. आमी कुठं न्हाई म्हंतोय? पन माशीला बांध कळत न्हाई, भाऊजी."

"जतकडचा मेंढका यायचाय. त्येला शब्द दिलाय मी. मेंढरं टमाटं खात्याली, रानात बसत्याली, खत हुईल."

"कवा येनार?"

"येईल तवा येईल. वाटंला पाणी न्हाई, हळू येत्यात."

"तवर आमी काय करायचं?"

नानांनी हातातला पाना खाली टाकला. "माझं सगळं रान गेलं, तवा कोन आलं हुतं इचारायला?"

तुम्ही पदर खोचलात आणि मागं वळलात. परत येताना बांधावर थांबून म्हणालात, "खरं बोलला गं त्यो. आपन न्हाई गेलो." मग लगेच, "पन म्हनून माझी मिरची का मारतो?"

तिथून आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, आपणच चार बायका लावून त्यांचं टोमॅटो उपटून देऊ, नाना काय आडवे पडणार आहेत? माझं म्हणणं, असं उपटलं तर झाडावरची सगळी माशी उठेल आणि सरळ आपल्या मिरचीत येऊन बसेल. आधी फवारायचं, मग अगदी पहाटे, गारव्याला माशी जड असते तेव्हा उपटायचं आणि लगेच गाडायचं. "तुझं सगळं मोबाइलातलं," तुम्ही म्हणालात. "मोबाइलातलं न्हाई, मी शेतीशाळेत ऐकलंय," मी म्हटलं. "तिथं मिरची हुती का?" जेवतानासुद्धा तेच. झोपतानासुद्धा तेच. आणि नाना हो म्हणाले नव्हते ते नव्हतेच, आपण दुसऱ्याच्या रानावरून भांडत होतो.

त्या दिवशी सकाळी मी इस्लामपूरला निघाले. सावलीची जाळी आणायची होती, चिकट कागद संपले होते. तुम्ही दारात उभ्या होतात.

"ऊन चढल्यावर रानात जाऊ नका," मी म्हटलं.

"तू काय माझी सासू हाईस व्हय?"

"हाय. आजच्या दिवस हाय."

तुम्ही हसलात. तेवढंच. आपल्या दोघींचं नीट शुद्धीतलं बोलणं तेवढंच शेवटचं.

परत आले तेव्हा दुपार टळली नव्हती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. घराला कडी होती. मी जाळीचं बंडल काखेत घेऊन तशीच रानाकडं पळाले. लांबूनच कळलं की मोटर बंद आहे. पाणी पडत असलं की ठिबकच्या नळ्यांचा बारीक आवाज येतो, तोही नव्हता. नंतर शेजारच्या वस्तीवरच्या बायकांनी सांगितलं, वीज आल्याचं कळताच तुम्ही मोटर चालू करायला गेलात. ती बंद पडायची, तुम्ही पुन्हा चालू करायचा, पुन्हा बंद. मधल्या वेळात मिरचीत शिरून आजारी झाडं काढायला लागलात.

मी तुम्हाला बघितलं तेव्हा तुम्ही बेडवर गुडघे टेकून बसल्या होतात आणि झाडं उपटत होतात. आजारी नव्हे, चांगली. गर्द हिरवी, फुलाफळाला आलेली. एकामागून एक. तुमच्यामागं अख्खी ओळ आडवी पडली होती.

"अक्का! अक्का, काय करताय?"

"सगळी आजारी हाईत," तुम्ही म्हणालात. आवाज तुमचा नव्हता. "सगळी. एक बी न्हाई ऱ्हायलं."

मी हात धरला तर तव्यावर हात ठेवल्यासारखं झालं. अंग कोरडंठाक, घामाचा थेंब नाही. डोळे माझ्याकडं होते आणि मला बघत नव्हते. तुम्ही हात सोडवून घेतलात आणि पुन्हा झाडाला धरलंत. ती ताकद कुठून आली होती ते मला आजही कळत नाही. मी तुम्हाला ओढत होते, तुम्ही झाड ओढत होतात.

मी ओरडले. कुणाला हाक मारावी ते सुचेना, म्हणून नुसतीच ओरडले. आणि बांधावरून नाना आले. पळत आले, पायात चप्पल नव्हती. त्यांनी तुम्हाला उचललं आणि मक्याच्या सावलीत नेलं. "पाणी आन," ते म्हणाले. मोटर बंद, हौदात तळाशी होतं तेवढं मी बादलीनं उपसलं. त्यांनी स्वतःच्या विहिरीवरून घागरी आणल्या. आम्ही तुम्हाला लुगड्यासकट भिजवलं, मी पदरानं वारा घालत राहिले. पाणी अंगावर पडायचं आणि बघता बघता सुकायचं. नानांनी त्यांचा छोटा टेम्पो अगदी मक्यापर्यंत आणला, माझ्या नव्या जाळीची घडी मागं अंथरली, वर ओलं पोतं टाकलं, आणि आपण निघालो.

अक्का, त्या गाडीत तुम्ही जे बोललात ते मला तुम्हाला सांगायचं आहे. हेच तुम्हाला ठाऊक नाही.

तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडी खड्ड्यांतून उडत होती, मी बाटलीनं तुमच्या मानेवर पाणी सोडत होते. तुम्ही मध्येच डोळे उघडलेत आणि पुढं चालवणाऱ्या नानांच्या पाठीकडं बघत बोलायला लागलात, एकदम तुमच्या नेहमीच्या आवाजात. "भाऊजी, ऐकताय न्हवं? असं उपटू नका. आदी फवारा. मग पहाटं उपटा, गारव्याला. माशी जड असती तवा. न्हाईतर समदी उठती आनि शैलाच्या मिरचीत बसती."

शैलाच्या मिरचीत, म्हणालात तुम्ही.

नाना गाडी चालवत म्हणाले, "व्हय वैनी. पहाटं उपटतो." तुम्ही म्हणालात, "हां." आणि डोळे मिटलेत.

इस्लामपूरच्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. बर्फ लावला, सलाइनं लावली. ताप मेंदूपर्यंत गेलाय, आतले अवयव थकलेत, असं ते म्हणाले. दादा पुण्याहून पोचले तेव्हा तुम्ही बोलत नव्हतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही चहाला म्हणून बाहेर गेलो आणि तेवढ्यात तुम्ही गेलात. मी ते भांडण जिंकले होते, अक्का. असं जिंकायचं नव्हतं मला. तुम्ही बरं होऊन घरी यायचं होतं आणि "मी असं कवा म्हनलं?" म्हणून पुन्हा भांडायचं होतं.

सावडायच्या दिवशी आम्ही ओढ्याकडून परत येत होतो, तेव्हा नानांच्या रानातून औषधाचा वास आला. त्यानंतरच्या सकाळी फटफटायच्या आधीच नाना आणि त्यांची बायको तिथं होते. रोज पहाटे थोड्या ओळी उपटायच्या, खड्ड्यात टाकायच्या, माती लोटायची. ऊन तापायच्या आत घरी. आठवड्याच्या आत रान मोकळं झालं. मला ते सांगायला कुणी आलं नाही, मीही आभार मानायला गेले नाही. मेंढका दहाव्याच्या आदल्या दिवशी आला. खायला टोमॅटो नाही म्हटल्यावर तो रागावेल असं मला वाटलं होतं, पण नानांनी त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यानं मेंढरं मोकळ्या रानातच बसवली आणि आपल्या दारात येऊन दादांसमोर बसून गेला.

माशी कमी झाली. पूर्ण गेली नाही, ती जात नसतेच. काही झाडं पुन्हा वळली, ती मी काढली. तुम्ही उपटलेल्या ओळीत काही लावलं नाही. लावायला हवं होतं का? तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी नवी रोपं आणली असती. मला अजून त्या ओळीत वाकता येत नाही.

दादांचं वेगळंच चाललं होतं. दहावा झाल्यावर ते मला म्हणाले, "ती मिरची मोडून टाक. ट्रॅक्टर सांगतो मी."

"दादा, मिरची लागलीया."

"लागू दे. माझी बायको खाल्ली तिनं."

त्यांचं खोटं नव्हतं. मलाही त्या रानाकडं बघून कधी कधी दगड उचलून मारावासा वाटतो. पण मी म्हटलं, "एक तोडा होऊ द्या. अक्कांच्या हातची झाडं हाईत ती. एक तोडा. मग तुमी म्हनाल तसं." ते उठून आत गेले. ट्रॅक्टर आला नाही. रोज सकाळी मी तो यायची वाट बघायची आणि तो यायचा नाही, असे दिवस गेले.

आज पहिला तोडा होता. वस्तीवरच्या बायका आल्या, मी होते, आणि सगळ्यांच्या मागून दादा आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ते कडेच्या ओळीची पात धरून वाकले. दादांना मिरची तोडता येत नाही. देठ मोडतं, फांदी फाटते. बायका एकमेकींकडं बघत होत्या, पण कुणी हसलं नाही. मी त्यांच्या शेजारची पात धरली. मिरची चांगली आहे, अक्का. हिरवीगार, चकचकीत, सरळ. तुम्ही ती हातात घेऊन मोडून बघितली असती, कडकन वाजते का ते.

ऊन चढायला लागलं तशी मी हाक मारली, "बास, चला सावलीला." बायका टोपल्या घेऊन उठल्या. दादा उठले नाहीत. त्यांची पात निम्मी राहिली होती.

"दादा, चला."

"एवढी पुरी करतो. पात अर्धी सोडू नये म्हनायची ती."

म्हणायचातच तुम्ही. मलाही शंभरदा म्हणालात. हातातली पात अर्धी टाकून उठणारी बाई तुम्हाला बाईच वाटायची नाही. दादांच्या टॉवेलखालून घाम गळत होता, मान लाल झाली होती, आणि ते खाली मान घालून देठं मोडत पुढं सरकत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. थोरल्या दिराचा हात मी या घरात कधी धरला नव्हता. आज धरला.

"ऱ्हाऊ द्या अर्धी," मी म्हटलं. "उठा. अक्कांचं सगळं ऐकलं, हे एक ऐकायचं न्हाई."

मग त्यांनी ओंजळीतल्या मिरच्या माझ्या टोपलीत टाकल्या, गुडघ्यावर हात देऊन उठले, आणि आम्ही दोघं सावलीकडं चालायला लागलो.